चौथी फेरी

सुजय शेडगेने डबा काउंटरवर ठेवला
आणि पंख्याच्या जाळीतून थोडी हळद सांडली.
घणसोलीत रात्रभर तो लोकांची लग्नं जोडत बसतो.
नवरी नेमकी त्र्याऐंशी टक्क्यांवर अडकते:
पडदा निळा, मग काळा,
मग आपोआप सुरू, साळसूद.

"दर वेळी नाही होत, ताई."
तेच तर वाईट.
दर वेळी होतं त्याच्यावर बोट ठेवता येतं.

गणपतीआधी मीच पॉवर सप्लाय बदलला होता,
दोन हजार आठशे, पावतीसकट.
मग त्याने विंडोज पुसून नव्याने टाकलं,
आईने कॅबिनेटवरून लिंबू उतरवलं,
महावितरणला तर सगळ्यांनीच शिव्या दिल्या.

या वेळी मी काहीच बदललं नाही.
पेन ड्राइव्हवरून मेमरीची चाचणी लावली,
कोपरखैरणेतलं अर्धं शटर ओढलं, डबा उघडला.
पहिली फेरी: चुका शून्य.
दुसरी: शून्य.
तिसरीला समोरची गिरणी बंद झाली,
गिरणीवाला पिठाच्या भुवया घेऊन घरी गेला.
शून्य.
चौथीला, पावणेतीनच्या सुमारास,
एक लाल ओळ.
मी चष्मा पुसेपर्यंत एकशे चौदा.

पुढच्या रात्री एकच कांडी. निर्दोष.
त्याच्या पुढच्या रात्री दुसरी. तीही निर्दोष.
खाचा बदलल्या, खोडरबराने सोनेरी दात घासले,
दोघी जोडीने बसवल्या,
पुन्हा चौथ्या फेरीला तोल गेला.

तेव्हा बायोस उघडलं. आधीच उघडायला हवं होतं.
वेग छत्तीसशे.
खाली जपून ठेवलेल्या सेटिंगचं नाव: सुजय फास्ट.
इंग्रजीत, आणि त्याच्या नावात एक वाय जास्त.
तो स्वतःचं नाव चुकवणार नाही.
पावत्यांवर मी चुकवते.

आठवलं.
अक्षय्य तृतीयेला मशीन जोडून दिलं,
तो पेढे घेऊन आला होता,
आणि मी म्हटलं होतं,
स्टिकरवर छत्तीसशे लिहिलंय ना,
मग बत्तीसशेवर कशाला कुथवायचं?
एक कळ दाबली. दोघंही खूश.

न्यायला त्याचे वडील आले,
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटातून थेट,
खांद्यावर गोणीच्या सुतळीचे धागे.
"काय झालंवतं?"
मी सांगायला लागले, वेग, व्होल्टेज,
कंपनीची हमी एका आकड्याची आणि जाहिरात दुसऱ्याची,
एकेकटी चालते, जोडीने चुकते,
तापली की आठवलेलं चुकीचं आठवते.
दिनकरराव स्टुलावर बसून नीट ऐकत होते.
"म्हंजे उचालतंय," ते म्हणाले, "पर पेलत न्हाय."
आणि मग पाणी मागितलं.

बत्तीसशेवर आणून
मी ते शनिवार-रविवार चालवत ठेवलं होतं.
अकरा फेऱ्या. एकही लाल ओळ नाही.
काढलेला जुना पॉवर सप्लाय माझ्याच फळीवर होता,
चांगला, धूळ खात.
तो पुसला, पिशवीत घातला,
वर दोन हजार आठशे ठेवले.
"हे कशाचं?"
"चूक माझी होती."
त्यांनी अंगठा ओला करून नोटा मोजल्या,
दोनशे काढून काउंटरवर ठेवले.
"रातपाळीचं," म्हणाले,
आणि डबा सवयीने पाठीवर घ्यायला वाकले,
मग हसून हातातच धरला.

सुजयचा मेसेज आला परवा:
सहा मिनिटं जास्त लागतात, पण नवरी शंभरावर पोचली.

माझ्या काउंटरवरचं मशीन,
ज्यावर सगळ्यांचे हिशेब आहेत,
अजून छत्तीसशेवरच चालतंय.
चौथ्या फेरीपर्यंत
त्याला मी कधी नेलेलं नाही.