दुखानच्या उतारावर

शुक्रवारी, ऊन चढायच्या आत,
आम्ही दोघं गावामागच्या उतारावर जातो,
मी आणि टेकबहादूर,
ज्यानं समुद्र पहिल्यांदा पाहिला
तो विमानाच्या खिडकीतून.

पिवळी माती, पापुद्र्यांची,
बुटाखाली पापडासारखी मोडते.
उभ्यानं काही दिसत नाही.
गुडघ्यांवर यायचं, तोंड सूर्याकडे.
दगड ऊन पिऊन टाकतो,
दात ते परत देतो, नव्या कल्हईसारखं.

सुरुवातीला तो शिंपल्यांच्या कपच्या आणायचा,
गारेचे तुकडे,
एकदा तर फुटक्या बाटलीची काच.
म्हटलं, नख लाव.
कडेवरून हळू फिरव.
करवत लागली तर आपला.
मग मूळ बघ, दोन पायांचं, जाड.
आणि मोठ्या दाताच्या दोन्ही बाजूंना
एकेक धाकटा,
कडेवर घेतलेल्या पोरासारखा.
ती पोरं नसली, तर जनावर वेगळं.

बहुतेक चिंचोक्याएवढे.
गोळ्यांच्या रिकाम्या डबीत वाजतात.

तो मात्र माझ्या तळहातावर मावेना.
मधाचा रंग, टोक शाबूत,
दोन्ही पोरं जागच्या जागी.
टेकबहादूर काही बोलला नाही.
त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

रात्री हर्णैला फोन लावला.
चाळीस वर्षं मुशी कापलेल्या बावानं
पडद्याला नाक लावून बघितलं.
'वरच्या जबड्याचा. कडेचा. वाकलाय बघ.'
मग जरा थांबून,
'खोटा हाय. एवढी मुशी नसते.'
कोट्यवधी वर्षांमागची, मी सांगितलं.
'बाकीची कुठंय?'
विरघळली. मुशीला हाड कुठं असतं?
हे त्याला मी सांगावं!
तो हसला.
'तवा तिथं पाणी होतं?'
होतं.
'आणि जाळी?'
नव्हती.

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज,
त्याच्याकडचा की माझ्याकडचा, कळेना.

'मग बरोबर,' म्हणाला,
'वाढली असंल.'

फोन ठेवायचं विसरून
त्यानं कवळी काढली,
पेल्यात सोडली.
ती तळाशी जाईपर्यंत मी बघत राहिलो.
माझ्या अंगठ्यावर
एक बारीक चरा होता,
ताजा.