उतरायची जागा आधी

उडायची जागा कुणीही शोधतं.
सडा उंच हवा, समोर दर्या,
वारा पश्चिमेचा, छातीवर सरळ येणारा,
इतकं तर घारीलाही कळतं.
उतरायची जागा आधी बघ, आबेल म्हणायचा
आणि स्कूटर उभी करून खालच्या पुळणीकडे बघत राहायचा
एक विडी संपेपर्यंत.

त्या हिवाळ्यात पेडण्याचे सडे आम्ही पायाखाली घातले.
कुठे वारा चांगला, खाली माडांची दाटी.
कुठे पुळण रुंद, पण कासवांची अंडी,
भोवती दोऱ्या, दोऱ्यांना लाल चिंध्या.
एका ठिकाणी सगळंच होतं
आणि विजेची तार.

हा सडा दाखवला बिरो वरकाने.
आमच्या पंखांचं त्याला काही पडलेलं नव्हतं.
त्याच्या शेळ्या दुपारच्या कड्याच्या टोकाशी जाऊन
एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहायच्या.
"थंय वारो वयर येता," म्हणाला, आणि दात कोरत बसला.
आबेलने वाळलेल्या करडाची मूठ कड्यावरून सोडली.
ती खाली गेली नाही.
वर आली, आमच्या डोक्यांवरून मागे,
काळवंडलेल्या जांभ्यावर पसरली.
बराच वेळ कुणी बोललं नाही.

शोधायला एक दुपार लागली,
राखायला एकोणीस वर्षं.

जमीन कोमुनिदादची,
वाट डोना एर्मेलिंदाच्या काजूतून,
पहिल्या झाडाशी देवचाराचा दगड.
त्याला अमावास्येला रोट आणि विडी.
आबेल रविवारची मीस चुकवायचा नाही,
पण विडी तोच ठेवायचा, स्वतः पेटवून.
"पडलो तर आधी कोण बघणार? पाद्री?"

मार्च लागला की वाट बंद.
बोंडू पायाखाली जातात, एर्मेलिंदाबाई म्हणाल्या होत्या
एकदाच, तेही हसून.
वर्षातला सगळ्यात भरीव वारा
असा दर वर्षी झाडांवरून रिकामा गेला
आणि आम्ही खाली बसून हुर्राक प्यायलो,
त्यांच्याच भट्टीतला.

मग पुण्याचा एक पोरगा, घाईचा,
रापणीच्या वाळत घातलेल्या जाळ्यावर उतरला.
पंखाच्या नळीने दहा हात जाळं फाटलं.
रापणकार एक शब्द बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी होड्या आडव्या लावलेल्या,
आमचे पाय जिथे टेकायचे बरोबर तिथे.
पैसे नेले. कुणी हात पुढे केला नाही.
आबेल मग सुई मागून घेऊन बसला.
मला गाठ जमेना, मी सुईत दोरा भरून द्यायचो.
आठ दिवस. बांगड्याचा वास अंगाला,
पोरं बघायला यायची, हसायची.
नवव्या सकाळी होड्या हलल्या,
मध्ये पन्नास पावलं वाळू मोकळी.

परवा सड्यावर गेलो होतो.
निळ्या पत्र्याचं कुंपण, आत झारखंडचा एक राखणदार,
नाव सुखराम. चहा दिला त्याने.
कड्यापर्यंत नेलंही, साहेब जेवायला गेले होते तेवढ्यात.
वारा तसाच येत होता,
पत्रा सारखा थडथडत होता, आत काहीतरी धरून ठेवल्यासारखा.
देवचाराचा दगड पाया खणताना हलवलाय म्हणे,
कुठे ते सुखरामला ठाऊक नाही.
विडी मी त्यालाच दिली.

आबेल लेकीकडे स्विंडनला.
फोनवर तब्येत सांगत नाही, विचारतो,
वाऱ्याचं काय? होड्यांचं काय?

होड्यांचं असं आहे, आबेल:
दिवस कलला की त्या अजून बाजूला घेतात.
मी विचारलं, आता कशाला?
इनास म्हणाला, सवय.
पन्नास पावलं वाळू, मध्ये एक कुत्रा झोपलेला.

मी तिथे उभा राहतो, कुत्र्याला न उठवता,
आणि मान वर करून एकेक डोंगर तपासतो,
केरीचा, त्याच्या मागचा, खाडीपलीकडचा,
कुठून निघालं
तर इथे येता येईल.