तांब्याचं वायसर

खरातकाकांची कॉन्टेसा आली ती
मागं लाल थेंबांची रेघ ओढत,
मंठा चौफुलीपासून माझ्या शटरपर्यंत.
काका लगेच उतरले नाहीत.
उजवा हात स्टिअरिंगवर, डावा मांडीवर.
दोन वर्षं झाली, तो तिथंच असतो.
"जड झालीय," म्हणाले.

जिनिंग बंद पडली तेव्हा शेठनी
ग्रॅच्युइटीच्या जागी हिची चावी दिली.
बावीस वर्षं मागचं दार उघडून धरलेला माणूस
त्या दिवशी पुढचं दार उघडून
बराच वेळ नुसता उभा होता म्हणे.
हे त्यांनी नाही सांगितलं. काकूंनी सांगितलं,
डबा घेऊन आल्या तेव्हा.

आधी खाली ट्रे सरकवला.
आठव्या दिवशी नळ येतो त्या गावात
काहीही गळलं की हात आधी भांडं शोधतो,
मग कारण.

चाक वळवलं, पंप कण्हला.
बाटलीत तेलावर फेस, रसवंतीच्या ग्लासावर येतो तसा.
म्हणजे दुखणी दोन:
एकीकडून तेल जातंय,
दुसरीकडून वारं शिरतंय.
वाऱ्याची जागा लगेच सापडली,
बाटलीखालचा पाईप, टाचेसारखा भेगाळलेला.

दुसरीसाठी पुठ्ठा टाकून पाठीवर आत सरकले.
प्रेशरच्या लाईनीत
कुणीतरी साधा रबरी तुकडा जोडलेला,
दोन्हीकडं क्लिपा आवळून.
ऐंशी किलोचा दाब, अन् हा
कूलरला पाणी भरायचा पाईप!
आडव्या पडल्या पडल्या शिव्या घातल्या त्या मेस्त्रीला,
दोन-तीन चांगल्या, ठेवणीतल्या.
मग क्लिपेच्या स्क्रूचं तोंड दिसलं,
वरच्या बाजूला, पुढच्याला पाना लागेल असं वळवलेलं.
असं एकच माणूस बसवायचा.
काकांना अंबडला लग्नाला जायचं असेल,
बाप म्हणाला असेल, "आजच्यापुरतं."
आजच्यापुरतं अकरा महिने चाललं.

एमआयडीसीत लतीफभाई जेसीबीचे होज प्रेस करतात.
जुनी टोकं हातात घेऊन म्हणाले,
"ये गाडी अभी चलती क्या?"
"चलती. मुडती नै."
हसले. टोकं कापून काढली, घासली,
दोन तारी होज मापानं तोडला,
अन् मशीननं आठ बोटांची मूठ
एकदाच, सावकाश आवळली.
साडेसहाशे झाले. पाचशे घेतले.

वायसर मात्र त्या मापाचं
जालन्यात कुणाकडंच नाही.
मग जुनीच गॅसवर धरली,
लालबुंद होईस्तोवर, अन् पाण्यात सोडली.
चुर्र.
लोखंडाला असं केलं की ते आडमुठं होतं,
तांबं मऊ पडतं, पुन्हा नव्यानं बसायला तयार.
तेरा वर्षांची होते, हे दाखवलं होतं बापानं,
"घाईत असलीस तर करू नको," असं सांगून.

पुढची चाकं उचलली, इंजिन बंद.
काका म्हणाले, मीच फिरवतो.
या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत या टोकाला,
मी तेल ओतत होते, बुडबुडे मोजत होते.
सतराव्या फेरीला बुडबुडे संपले.
काका अजून चार वेळा फिरवत राहिले, उगीच.

गाडी जमिनीवर घेतली. स्टार्टर मारला.
पंप गप्प.
काकांनी एक बोट लावलं
अन् एवढं मोठं धूड जागच्या जागी मान वळवू लागलं,
हाक मारल्यावर म्हैस वळवते तशी.
डावा हात मांडीवरच होता.
त्याच्याकडं कुणीच पाहिलं नाही, त्यांनीसुद्धा.

रात्रभर ठेवून घेतली.
सकाळी ट्रे पाहिला. कोरडा. एक माशी बसलेली.

घरी बाप रेडिओ लावून बसला होता,
स्टेशन न लागता नुसता खरखरणारा.
चष्मा दोन दिवसांपासून सापडत नव्हता,
माझं नावही अधूनमधून.
म्हणाले, "खरातकाकांचा प्रेशरचा पाईप बदलला."
बराच वेळ काहीच नाही.
मग:
"क्लिपा परत आणल्या का?
नव्या होत्या."