मणी

खानापुरात, सरकारी दवाखान्याच्या मागं आमची खोली.
पाटी कानडीत, रजिस्टर इंग्रजीत,
चिडणं तेवढं मराठीत.

हुबरट्टी सर होते तेव्हा
बेळगावहून थर्माकोलचा डबा यायचा लाल बसनं,
ड्रायव्हरच्या पायाशी.
फाटकात गाडी अडली की बर्फ सुटायचा,
आणि सर स्टँडवर डब्याला हात लावूनच सांगायचे
आठवडा कसा जाणार ते.

मग पंखा बंद. दार बंद. बोलायचं नाही.
पाणी, क्षार, मॅग्नेशियम, चार अक्षरांचा चुरा,
दोन प्रायमर, आणि शेवटी एन्झाइम,
काकवीसारखं चिकट, घटकाभरही ऊब न सोसणारं.
घातलं की लाल पेन्सिलीची खूण.
एकदाच ती खूण आधी पडली आणि थेंब राहिला:
सोळा नळ्या, तापानं फणफणलेली सोळा माणसं,
कागदावर सगळी ठणठणीत.
कंट्रोलसुद्धा गप्प बसला म्हणून वाचलो.
सर त्या दिवशी जेवले नाहीत.

आता पाकीट येतं. नुसतं.
कुरिअरचा पोरगा गाडीच्या डिकीतनं काढतो,
ऑइलच्या डब्याखालनं.
नळीच्या तळाशी पांढरा मणी, साबुदाण्याहून बारका,
सगळं त्यात मोजून, गोठवून, वाळवून बसवलेलं.
आईला सांगितलं तर म्हणाली,
"सांडगाच की गं."
होय. पाण्याची वाट बघत वर्षभर डब्यात.
वीस मायक्रोलिटर पाणी, पाच नमुना,
झाकण. मणी आवाज न करता विरतो.
लाइट गेली तरी कपाट ते कपाटच.
(फक्त पाकीट उघडं ठेवू नये.
श्रावणात इथं काडेपेटीसुद्धा पेटत नाही.)

परवा सर आले, पेन्शनच्या कागदासाठी.
नळी उजेडात धरली, हलवली,
कानाशी नेली, बी खुळखुळतंय का बघावं तशी.
"मग आता चुकायचं कुठं, सांगा की?"
मी हसले. चहा मागवला.
त्यांचा अंगठा बशीच्या काठावर
अजून पिपेट दाबत होता,
अर्ध्यावर थांबून, मग पूर्ण.

संध्याकाळी आठांतली एक रेघ वर चढली.
लेप्टो. रोपलावणीचा माणूस, नाव सातेरी.
रजिस्टरात सातेरी दोन,
एकाच वाडीचे, एकाच सकाळी रक्त दिलेले,
एकाचा बाप लखमू, दुसऱ्याचा लखमाण्णा,
आणि नळीवरच्या चिठ्ठीत सिस्टरनी कानडीत काढलेला ल,
पुढं पाण्याचा डाग.

मणी विरला होता. मशीन बरोबर होतं.
ड्रॉवरमध्ये लाल पेन्सिल सापडली, तिला टोक नव्हतं.
मी चप्पल घातली.

"आत्ता? वाडीला?" जीपवाला भरमा म्हणाला.
गोळ्या दोघांनाही देऊ, म्हटलं,
पण रक्त परत घ्यायचं, नाव मी स्वतः लिहिणार.
कपाटात दोन मणी उरलेत.
कोरडे.