एकोणिसावा प्रश्न

उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीत
शनिवारी अर्धा दिवस भट्टी बंद ठेवून
हुबळीहून आलेल्या बाईंनी कागद वाटले.
साठ प्रश्न, प्रत्येकापुढे पाच गोल,
आणि शेवटी म्हणे
माणूस कुठल्या प्रकारचा ते निघतं.

बरोबर-चूक काही नसतं, बाई म्हणाल्या,
मनात पहिलं येईल ते भरा.
माझ्या मनात पहिलं आलं
ते कँटीनमधल्या पुरी-भाजीचं.

अनोळखी लोकांत तुम्ही चटकन मिसळता का?
मी पेन्सिल उचलली. ठेवली.
कोणत्या भाषेत, ते लिहिलं नव्हतं.

कन्नडमध्ये मी सभ्य माणूस आहे.
आधी बन्नी, मग कुंद्री,
आणि क्रियापद सापडेपर्यंत
राग निवून गेलेला असतो.
हिंदीत मी विनोदी, ट्रकवाल्यांना विचारा.
इंग्रजीत नुसताच येस सर.
मराठीत मात्र मी भांडतो.
येळ्ळूरच्या बांधावर आईकडून उचललेलं हे,
'काय करूलायस रे तितं?'
एवढ्यात तिची माया, संशय आणि दम
तिन्ही मावायचे.

शेजारी इराण्णा कडेमनी गोल काळे करत सुटला होता,
कोअरची भोकं बुजवावीत तसा.
त्याला विचारलं, मी कसा आहे रे?
'नी सुम्न इर्ती नोड.'
तू गप्प असतोस, बघ.
तेवीस वर्षं एका बाकावर डबा खाल्लेला माणूस.

माझं काम तपासणीचं.
तयार कास्टिंग साखळीला टांगायचं,
हातोडीनं हलकं ठोकायचं, ऐकायचं.
चांगलं असेल तर वाजत राहतं,
कँपातल्या चर्चच्या घंटेसारखं, लांबवर.
आत भेग असली की ठक्क.
बाहेरून रंग तोच, वजन तेच.
एकाच पॅटर्नवर एकाच दिवशी ओतलेले
चाळीस पंप,
दोन सारखे वाजत नाहीत.

शिवाय साचा वाळूचा असतो,
तो फोडल्याशिवाय आतलं काम बाहेर निघत नाही.
हे बाईंना सांगावंसं वाटलं.
कन्नडमध्ये वाक्य जुळवेपर्यंत
त्या पुढच्या स्लाइडवर गेल्या होत्या.

मी निघालो 'राखणदार'.
शांत, नेमका, नियम पाळणारा.
टाळ्या वाजल्या.
इराण्णाही राखणदारच निघाला,
तो, ज्यानं मागच्या दसऱ्याला
सुपरवायझरच्या स्कूटरचं सीट काढून लपवलं होतं.

कोरा कागद एक घरी आणला, लेकीसाठी.
सानिकानं तो आईसमोर धरला,
आई, बाबांच्या वतीनं तू सांग.
यमुना बटाटे सोलत होती.
शांत? ती इतकी हसली
की साल तुटून परातीत पडलं.
नीटनेटके? मोजे बघ जा पलंगाखाली.
मीही हसलो. खरंच गंमत चालली होती,
अठराव्या प्रश्नापर्यंत.

चूक झाली तर ती तुम्ही लगेच मान्य करता का?

फौंड्रीत मी पाचवा गोल भरला होता. नेहमी.
पेन्सिल क्षणभरही अडली नव्हती.

यमुनाची सुरी थांबली.
चंदगडच्या शाळेची तिची ऑर्डर
सतरा वर्षं ट्रंकेत आहे, लग्नाच्या शालूखाली.
घरापासून बसनं दीड तास. रोज कोण जाणार-येणार,
असं मी म्हटलं होतं.
एकाच वाक्यात. मराठीत.
त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही
आणि मी ते तिचं समाधान समजत आलो,
मी, कानांवर पगार घेणारा.

'पुढचा वाच,' ती म्हणाली.

सानिकानं माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे.
एकोणिसावा गोल कोरा ठेवून
तिनं विसावा वाचला, प्रवासाबद्दल काहीतरी.

मी उठलो. माठातून पाणी घेतलं.
तोंड उघडलं,
आणि उभा राहिलो तसाच
क्रियापद शोधत.
मराठीत.