फक्त डोळे

भिलवडीच्या घाटाखालून नाव सुटते
तेव्हा साडेनऊ होऊन गेलेले असतात.
वल्ह्यावर सुदामअण्णा अंबी, मी पुढच्या टोकाला,
कपाळावर बॅटरी, मांडीवर वही,
वहीला पिशवी, आईच्या थालीपिठाच्या भाजणीची,
अजून तिला धन्याचा वास आहे.

मगर रात्री मोजायची असते.
दिवसा ती ओंडका असते, नाहीतर खडक,
नाहीतर पारावरच्या कुणीतरी पाहिलेली अठरा फुटी.
रात्री उजेड टाकला की काठाच्या काळोखात
विडीच्या टोकाएवढे दोन निखारे.
वल्हं न वाजवता जवळ जायचं.
डोकं दिसलं तर डोक्यावरून लांबी धरायची:
पिल्लू, मधली, मोठी.
त्याआधीच बुडाली
तर शेवटचा रकाना : फक्त डोळे.

तीन हिवाळे झाले,
माझ्या वहीत सगळ्यात भरलेला रकाना तोच.
सर म्हणतात, याचं काहीतरी कर,
एवढे नुसते डोळे घेऊन प्रबंध उभा राहत नाही.

एकदा उसाला पाणी पाजणाऱ्याची बॅटरी
मी मोठी म्हणून लिहिली होती.
एकदा, आमणापूरच्या वळणावर, मळीचा वास सुटलेला,
आणि पाण्यावर चमकणारं सगळं
मासे निघाले, पोटं वर करून.
ते कुठल्याच रकान्यात बसले नाहीत.
समासात लिहिले. मग मोजणं सोडून दिलं.

फेलोशिप अकरा महिने थकली आहे,
अण्णांच्या चौदा रात्री माझ्याकडे.
ते विचारत नाहीत, मीही विषय काढत नाही,
घरून डब्यात दोन भाकरी जास्त आणते.
आईनं स्थळांसाठी कागद केलाय, त्यात लिहिलंय :
एम.एस्सी., पुढील संशोधन चालू.
कशावर, ते गाळलंय.

"मोजून काय करायच्या? कमी करायच्या का वाढवायच्या?"
अण्णांनी पहिल्याच रात्री विचारलं होतं.
मी म्हटलं, आधी किती आहेत ते तर कळू दे.
"आमच्या घाटाला एकच हाय," ते म्हणाले,
"पुरं हाय तेवढी."

प्रश्नावली मी दोनशे बारा घरांत भरून घेतली,
धुण्याच्या दगडांवर बसून, म्हशींच्या शेपट्या चुकवत.
अण्णांची राहिली होती.
रोज भेटणारं माणूस, त्यात काय विचारायचं.
परवा धुकं उतरलं, बॅटरीचा उजेड परत अंगावर येऊ लागला,
अंकलखोपच्या खाली नाव बाभळीला बांधून
थांबलो होतो. वेळ जावा म्हणून कागद काढला.

प्रश्न सहा. घरात कुणावर हल्ला झाला आहे का?
"थोरल्यावर."
साल?
"एक्याण्णव. माझं लगीन ठरलं त्या वर्षी."
मला वाटलं आता इथं थांबावं,
पण पेन पुढच्या ओळीवर गेलं होतं.
प्रश्न सात. मगरीची लांबी, अंदाजे?

अण्णांनी नावेत साचलेलं पाणी
डबड्यानं काढायला घेतलं.
चार डबडी काढली. पाचवं हातातच राहिलं.
"लांबी कुठली.
डोळंच दिसलं."

मी काही लिहिलं नाही.
पलीकडे कुणाची तरी मोटार घरघरत होती,
मग लाईट गेली, आणि तीही थांबली.

धुकं निवलं दीडच्या सुमारास.
त्यांनी दोर सोडला, वल्हं पाण्यात ठेवलं
इतकं हळू, की थेंब पडला नाही.
तीन हिवाळे मी याला कसब समजत होते.

बॅटरी लावली, पण मी बघत होते वहीकडे,
त्या रिकाम्या ओळीकडे.
मागून आवाज आला, नेहमीसारखाच, दबका :
"डावीकडं. लव्हाळ्याच्या बुडाशी.
दोन हायत.
लिव."