वाकणारा रंग

पत्र्याचा रंग पत्र्याला.
हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं ठोसरबाईंना,
तुर्भ्याच्या गाळ्यात, कॉम्प्रेसर बंद करून,
कारण त्या म्हणत होत्या, दाराचा उरलेला डबा आहे घरी,
तोच मारा की बंपरला.

कामोठ्याच्या पेंटरनं तेच केलं होतं.
नखानं उचकटलं तर पापडासारखा
अख्खा चांदीचा तुकडा हातात आला.

बंपर उलटा केला. आतून, चिखलाखाली,
छापलेलं असतं त्याचं गोत्र :
पीपी, आणि पुढे बारीक काही आकडे.
पीपी कुणाला चिकटू देत नाही अंगाला.
साबणाचं पाणी, मग सॉल्व्हंट, मग करडा घासपॅड,
चमक मरेपर्यंत.
मग एक पातळ हात, पाण्यासारखा,
ज्याचे पैसे देताना गिऱ्हाईक हमखास विचारतं,
काय मारलंत? दिसत तर नाही काही.
दिसणार नाहीच, बाई.

शेवटच्या क्लिअरमध्ये लवचीकपणाचं औषध.
कमी पडलं तर तडकतो,
जास्त झालं तर आठवडाभर
येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बोटांचे ठसे घेत बसतो.
दाऊदमामू माप कधी सांगत नसत.
कापलेल्या बंपरची पट्टी त्याच डब्यातून रंगवायची,
खिळ्याला अडकवायची, आठ दिवसांनी वाकवायची,
टोकाला टोक.
"आवाज आला तर तुझं चुकलं, तांडेल.
नाही आला तर गप्प बस."
मामू गेले. पट्ट्या आहेत अजून,
मार्करनं तारखा घातलेल्या,
पंखा लावला की खुळखुळतात.

रंग जुळला का, बाईंनी तीनदा विचारलं.
उन्हात नेऊन दाखवलं :
दार आणि बंपर कंपनीतूनच
अर्धी छटा वेगळे निघतात, बाई,
आजवर बघितलंच नव्हतं तुम्ही.

वय वर्षं अठ्ठावन्न, लायसन्स नवं,
खारघरच्या सोसायटीत खांब नंबर बी-बारा.
तोच खांब, तोच डावा कोपरा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी सकाळी आल्या.
"पुन्हा ठोकली."
मी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.
मग वाकून बघितलं.
बंपर आत गेला होता आणि परत आला होता.
खांबाचा पिवळा लागलेला तेवढा,
कंपाउंडचं फडकं चार वेळा फिरवलं,
खाली माझा रंग, जसाच्या तसा.

किती झाले?
काय सांगू? वही मिटली.
बोहनी गेली, आणि ती मीच घालवलेली,
मार्चमध्ये, एक झाकण मोजून.

बाईंनी रिव्हर्स टाकला.
मागे नाला, उजवीकडे कुणाचा तरी टेम्पो,
आणि मी दोन्ही हात वर करून :
येऊ द्या, येऊ द्या,
अजून येऊ द्या, आहे जागा.